पत्रावळ्या तू आण

यादीत माझ्या नावापुढं लिहिलं होतं: पत्रावळ्या, ग्लास, कचऱ्याच्या पिशव्या.

आदल्या दिवशी त्याच जागी पाटोडीचा, बेसनवड्यांचा रस्सा होता. मीच सांगितला होता. श्रद्धानं माझ्यासमोर लिहून घेतला होता.

नर्सिंगचा निकाल लागला होता. आम्ही सहाही जणी पास. अमरावतीत कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ठरवलं, पार्टी साधीच करायची. हॉल नाही, डीजे नाही. श्रद्धाच्या घरची गच्ची, रविवारची संध्याकाळ. प्रत्येकीनं घरून एक पदार्थ आणायचा. श्रद्धा म्हणाली, कोणालेच टेन्शन नको.

मी तिथूनच मूर्तिजापूरला आईला फोन लावला. आई लग्नाच्या पंगतींमागं भांडी घासायला जाते. पाटोडी तिच्यासारखी कोणाला जमत नाही, पण तिथं तिला चुलीजवळ येऊ देत नाहीत. तिनं विचारलं, "खरंच माह्या हातचं नेशीन?" मी हो म्हटलं. मग बेसन किती लागेल, माणसं किती, हेच विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर नवी यादी आली.

मी श्रद्धाला विचारलं. ती म्हणाली, "तू इतक्या दुरून रस्सा कुठी आणत बसशीन? बसमध्ये सांडते. तुले टेन्शन नको म्हणून बदललं." चांदूर रेल्वेची एक जण बासुंदी आणणार होती. तीही बसनंच. तिची बासुंदी सांडणार नव्हती.

खरं काय ते पल्लवीनं सांगितलं. पल्लवी माझ्याच खोलीत राहायची. श्रद्धाच्या आईनं यादी पाहिली आणि माझं आडनाव विचारलं. श्रद्धानं सांगितलं. मग यादी बदलली. हे सांगताना पल्लवी केस विंचरत होती. म्हणाली, काकूचं तसंच असते, तू मनावर नको घेऊ.

मी मनावर घेतलं नाही. मला काहीच वाटलं नाही. हे खरं सांगते. राग नाही, रडू नाही. दाढ काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, तशी मी अख्खीच. बाजारात गेले. पत्रावळ्या घेतल्या. दुकानदारानं विचारलं, पिशव्या मोठ्या की लहान. मी म्हटलं, मोठ्या.

आईला सांगितलं, जेवण हॉटेलातून येणार आहे. ती म्हणाली, बरं. बेसन आणून ठेवलं होतं तिनं. ते मला नंतर कळलं.

याच काकू वर्षभरापूर्वी डेंग्यूनं भरती होत्या. आमची ड्यूटी त्याच वॉर्डात. श्रद्धाला आईकडं पाहवायचं नाही. ती बाहेर बाकावर बसून रडायची. चार दिवस काकूंना पेज मी भरवली. चमच्यानं. तोंड पुसलं, शौचाचं भांडं दिलं, चादरी बदलल्या. त्या म्हणायच्या, तुह्या हाताले गुण हाये वं बाई.

रविवारी गच्चीवर गेले. काकूंनी पत्रावळ्या मांडायला सांगितलं. मांडल्या. वाढायला बाकीच्या होत्या. मी पाण्याच्या तांब्याकडं हात नेला तर काकूंनी तो आधीच उचलला. हसून. मी कडेला बसून जेवले. चव आठवत नाही.

जेवणं झाल्यावर काकू म्हणाल्या, पिशव्या तुह्याजवळच हायेत न, मंग उष्टं तूच गोळा कर.

मी उठले. एकेक पत्रावळ उचलली. मैत्रिणी फोटो काढत होत्या. काकूंची पत्रावळ उचलली, तिच्यात चावलेल्या शेंगा होत्या. वाकलेलीच होते, आणि आई आठवली. लग्नघरात ती हेच करते. तिच्याशी मी खोटं बोलले होते. लाज या घरच्यांची होती. झाकत होते मी.

पिशवी खाली ठेवली.

"काकू, दवाखान्यात चार दिवस माह्या हातानं पेज पेली तुमी. तवा आडनाव काहून नाही विचारलं?"

श्रद्धा फोनमध्ये बघायला लागली. काकूंनी पदर सारखा केला.

"दवाखान्यातली गोष्ट अलग असते."

"मले नाही वाटत अलग," मी म्हटलं. "आता हे उष्टं तुमीच उचला."

चपला घातल्या आणि जिना उतरले. मागून कोणी आलं नाही. खोलीवर पोचायच्या आत पल्लवीचा मेसेज आला, तू सगळ्याईची पार्टी खराब केली.

सकाळी मूर्तिजापूरला जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल. ती रागावली. लोकाच्या घरी जाऊन असं बोलते काय कोणी, नोकरीत आडवे येतीन ते, म्हणाली. दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. मीही समजूत घातली नाही. तिची भीती तिनं कमावलेली आहे.

पुढच्या महिन्यात अकोल्यात एका दवाखान्यात लागले. श्रद्धाही तिथंच लागली. ती म्हणाली, झालं गेलं सोड, दोघी मिळून एक खोली करू. मी नाही म्हटलं. ड्यूटी बदलताना पेशंटबद्दल बोलते तिच्याशी. त्यापलीकडं नाही. मी सोडलेलं नाही.

छातीवरच्या बिल्ल्यावर बाकीच्या पोरी नुसतं नाव लिहितात. सिस्टर अमुक. मी क्लार्कला सांगितलं, आडनावासकट लिहा, ठळक. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, मले हाये.

आता जो पेशंट पेजेला, औषधाला माझ्यासमोर तोंड उघडेल, त्यानं आधी ते आडनाव वाचावं. चालत नसेल तर तिथंच सांगावं. बरं झाल्यावर नाही.