खिडकीतली बाई कुणाला हाका मारत होती?

या सदरातले अनुभव वाचून नवऱ्याजवळ थट्टा करणारी मी... आज स्वतःच लिहायला बसलेय. डेटा अ‍ॅनालिस्ट आहे, पुराव्याशिवाय काही मानायची सवय नाही. पण जे झालं ते झालं.

आम्ही ईडन प्रेरीला, मिनेसोटात राहतो. बाबा गेल्यावर, मागच्या नोव्हेंबरात आईला नागपूरहून इकडे आणलं. तिचे दोन्ही कान जवळपास गेलेत. मशीन लावलं तरी समोर बसून मोठ्यानं बोलावं लागतं. तिच्या खोलीच्या खिडकीतून दिसायचं काय, तर बर्फ आणि शेजाऱ्यांचं गॅरेज.

त्याच सुमारास दोन गल्ल्या पलीकडे एक म्हाताऱ्या बाई वारल्या. त्यांची मुलगी लिंडा घरातलं सामान विकत होती. तिथून मी एक फ्रेम आणली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं काळं-पांढरं प्रिंट – न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता, हातगाड्या, वाळत घातलेले कपडे, खेळणारी मुलं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वाकलेली एक बाई. म्हटलं, आईला तेवढीच माणसांची सोबत.

आठवड्याभरात आई म्हणाली, "ती वरची बाई थांबतच नाही गं. सारखी हाक मारते... रूती, रूती."

तिच्या कानात तेव्हा मशीन नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ऐकू येणं कमी झालं की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, कॉमन आहे. मला हायसं वाटलं. पण आईचं जेवण कमी झालं. दिवसभर चित्राकडे तोंड करून बसायची. म्हणायची, पोर घरी येत नाही म्हणून त्या बाईचा जीव वरखाली होतोय.

शेवटी एका शनिवारी दुपारी मी फ्रेम उतरवली आणि लिंडाकडे परत द्यायला गेले. निघता निघता सहज विचारलं, रूती नावाचं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?

तिनं मला परत आत बोलावलं. मग हळूहळू सांगितलं. रूथी तिच्या आईची धाकटी बहीण. सात वर्षांची. न्यूयॉर्कमध्ये घरासमोर खेळताना ट्रकखाली गेली... लिंडाची आजी तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिला जेवायला बोलावत होती. पुढे कितीतरी वर्षांनी लिंडाच्या आईला हे प्रिंट एका दुकानात दिसलं. रस्ता त्यांच्या रस्त्यासारखा वाटला, म्हणून घेतलं. रूथीचं नाव घरात कुणी काढत नसे. लिंडानंही ते एकदाच ऐकलं होतं.

फ्रेम उघडून आम्ही दोघींनी पाहिली. नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझी आई लिंडाला कधी भेटलेली नाही, आणि तिला इंग्रजी येत नाही.

चित्र लिंडानं ठेवून घेतलं.

आवाजाचं कारण डॉक्टरांनी दिलं. नावाचं कारण मला आजवर कुणी देऊ शकलेलं नाही.

त्या संध्याकाळी आईनं रिकाम्या भिंतीकडे बघत विचारलं, "सापडली का गं ती पोर?"

मी तिच्यासमोर बसून मोठ्यानं म्हटलं, "हो आई, घरी गेली."

कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.