माझा वॉर्डातला आवाज

मनोरुग्णांच्या वॉर्डात पस्तीस वर्षं काढली की माणसाला दोन आवाज होतात. एक घरचा. तो माझा चांगलाच मोठा आहे, खालच्या मजल्यावरच्या बाई सांगतील. दुसरा वॉर्डातला. खालच्या पट्टीत, सावकाश, दोन शब्दांच्या मध्ये जागा ठेवून बोलायचा. तो मला कुणी शिकवला नाही. मी साधी नर्स म्हणून लागले, मनाच्या आजारांचं जे काही कळलं ते पेशंटांपाशी बसून कळलं. खिडकीचे गज धरून ओरडणाऱ्या बायकांना मी त्या आवाजाने खाली बसवलंय. त्याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण मागच्या वर्षी आमच्या निवडणुकीत त्याच आवाजाने मी एका चांगल्या पोरीचं नाव जवळजवळ घालवलं.

निवडणूक काही फार मोठी नव्हती. आम्हा मनोरुग्णांच्या नर्सांची एक संघटना आहे. तिचे अध्यक्ष आणि सचिव निवडायच्या आधी पाच जणांची एक नामांकन समिती निवडतात. पदांसाठी कुणाकुणाची नावं पुढे करायची ते ही समिती ठरवते. म्हणजे मतं सगळे सभासद देणार, पण कुणातून निवडायचं ते या पाच जणांच्या हातात. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं. आतल्यांना विचारा. पनवेल-उरण बाजूची त्यात एक जागा असते. मागच्या खेपेला ती माझ्याकडे होती. मी निवृत्त झाले तरी सभासदत्व आजीव आहे, तेव्हा या खेपेलाही अर्ज भरून टाकला. माझ्यासमोर सहसा कुणी उभं राहत नाही. या वेळी ती राहिली.

ती म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेली. चाळिशीची असेल. माहेर उरणजवळच्या करंज्याचं, आई अजून मासळी वाळवते. हल्ली ती तळोज्याकडच्या एका खाजगी मानसोपचार केंद्रात काम करते. मला ताई म्हणते, आणि माझ्याकडे आली की आईने वाळवलेल्या सोड्यांची पुडी घेतल्याशिवाय कधी आली नाही. अर्ज भरण्याआधी तिने मला फोन करून सांगितलं होतं. मी म्हटलं, भर की, त्यात विचारायचं काय. मनात म्हटलं, हिला कोण मत देणार.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लिहिण्याआधी मी तिला विचारलं, ती "लिहा" एवढंच म्हणाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची झोप गेली होती. मूल मांडीवर असायचं आणि ही भिंतीकडे बघत बसायची. तिच्या नवऱ्याने मला बोलावलं. पुढे वर्षभर मी तिला पुण्याला डॉक्टरांकडे न्यायची. दोघी पनवेलच्या स्टँडवर भेटायचो, घरी सांगायचो लग्नाला चाललोय. ती पूर्ण बरी झाली, कामावर गेली, आणि हे तिचा नवरा नि मी सोडून कुणाला कळलं नाही. तुम्ही म्हणाल, मनोरुग्णांच्या नर्सला मनाचा आजार लपवायची काय गरज? अहो, सगळ्यात जास्त आम्हालाच असते. एकदा कळलं की लोक आपल्याकडे कसे बघतात ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही तसंच बघतो.

तर उमेदवारांची ओळख करून द्यायची सभा होती. रविवारची दुपार, गावातल्या एका शाळेचा हॉल, साठेक माणसं. मी बोलले ते नेहमीचंच, अनुभव, सेवा, तुमचा आशीर्वाद. मग ती उठली. सुरुवात कागदावरून वाचून केली, अगदी शुद्ध भाषेत. दोन वाक्यं झाली आणि तिने कागद खाली ठेवला, माझ्याकडे वळली.

"ताई, मागच्या टायमाला समितीत तुमी होता. आमच्यासारख्या खाजगीतल्या एकीचा तरी नाव लिवला का? रातपाळ्या आमी करायच्या, मार आमी खायाचा, आनि नावा त्याच चार जणींची. का? नाय, सांगाच."

आवाज चढला होता. हात हलत होते. प्रश्न बरोबर होता. आम्ही पाच जणींनी खरंच दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं, एका बैठकीत चहा संपायच्या आत यादी झाली होती. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

मी उठले. तिच्या समोर गेले नाही, थोडी बाजूला, हात लांब केला तर पोचेल इतकी जवळ उभी राहिले. दोन्ही तळवे उघडे ठेवले. आणि म्हणाले, "हो बाळा. ऐकतेय मी. आधी खाली बसायचं. थोडं पाणी प्यायचं. मग आपण बोलू."

आता ऐका, हॉलमध्ये काय झालं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी टेबलावरचे काचेचे ग्लास हळूच उचलून आपल्या पायाशी ठेवले. एक ब्रदर, म्हणजे आमच्यातला पुरुष नर्स, दाराशी जाऊन उभा राहिला. कुणीतरी तिच्या मागे खुर्ची सरकवली. दोघींनी आपल्या हातातली पेनं पर्समध्ये टाकली. कुणी कुणाला खूण केली नव्हती. साठ माणसं एका क्षणात ड्युटीवर आली, माझ्या आवाजावर.

तिने आधी टेबल बघितलं. मग दार बघितलं. मग मला.

"बसते," ती म्हणाली. एकदम हळू आणि एकदम शुद्ध. सभा संपेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

रिक्षातून घरी येताना मी स्वतःला समजावत होते, सवय हो, दुसरं काय, इतक्या वर्षांची सवय. संध्याकाळी फोन उघडला तर आमच्या ग्रुपवर तिच्यासाठी मेसेजची रांग लागलेली. काळजी घे गं. थोडी विश्रांती घे. आम्ही आहोत. हात जोडलेले, फुलं, दिवे. एकीनेही तिच्या प्रश्नाबद्दल लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सचिवबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग विचारलंच, की तुम्ही तिच्या जवळच्या, पूर्वी काही ट्रीटमेंट वगैरे झाली होती का तिची? मी ताठ आवाजात सांगितलं, असलं मी बोलणार नाही. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. काही नसतं तर मी सरळ "काही नाही" म्हटलं असतं. सचिवबाई काही दुधखुळ्या नाहीत.

आठ दिवसांनी ती घरी आली. दुपारचे चार वाजले होते. पुडी नव्हती. आमच्या यांनी तिचा चेहरा पाहिला आणि वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले. ती सोफ्यावर न बसता स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या स्टुलावर बसली. म्हणाली, सभेतली गोष्ट केंद्रात पोचली आणि तिच्याकडून औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. कुणी रागावलं नाही, उलट फार गोड बोलले. काही दिवस ताण नको म्हणाले. किल्ली ज्या नर्सकडे नाही ती नर्स कसली, हे तुम्हाला आमच्यातली कुणीही सांगेल. तिच्यासोबतच्या मुली आता तिला कठीण पेशंटजवळ एकटी जाऊ देत नव्हत्या.

मी चहा ठेवला. ती म्हणाली, चहा नको. मग विचारलं, "ताई, त्या दिवशी मी आजारी होते का चिडले होते?"

"चिडली होतीस."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

मी गॅस बंद केला. सवय होती म्हणायचं ओठावर आलं होतं. पण आजारी माणूस कुठला आणि नुसता चिडलेला कुठला, हे ओळखण्याचाच तर मी पस्तीस वर्षं पगार घेतला.

"कळलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

"मला उत्तर येत नव्हतं."

तिने नुसती मान हलवली, जणू हे तिला आधीच माहीत होतं, माझ्या तोंडून तेवढं हवं होतं. मी म्हटलं, उद्याच अर्ज मागे घेते. यावर मात्र ती उसळली.

"अजिबात नाही. मागे घेतलात तर म्हणतील, पेशंटला सांभाळून घेतली. उभ्या राहा. आणि आता मला बोललात ते तिथं बोला." दारात चप्पल घालताना वळून म्हणाली, "आणि एकदा करंज्याला या, बोटी लागल्या की. मासळीचा लिलाव चालतो तो ऐका. तुमच्या हिशोबाने तिथल्या सगळ्या बाया पेशंट हायेत."

ती गेल्यावर हे आत आले. सगळं ऐकलं होतं. म्हणाले, तुझ्याबद्दल लोकांना आदर आहे, या वयात तो कशाला घालवतेस, चिठ्ठी लिहून कळव सचिवांना, प्रकरण मिटेल. वाईट सल्ला नव्हता. मी तीन दिवस ती चिठ्ठी लिहीत होते. चिठ्ठीत सगळं कसं गैरसमजातून झालेलं दिसायचं, माझं काही नाहीच. तिसऱ्या दिवशी फाडली.

मतदान त्याच हॉलमध्ये होतं. तळोज्याकडून वारा होता, तिथल्या कारखान्यांचा औषधी दर्प आत नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, त्यामुळे आत नुसतं उकडत होतं. मतं टाकायच्या आधी दोघींना तीन तीन मिनिटं. पहिली मी. माझे गुडघे हल्ली दुखतात, टेबलाला धरून उभी राहिले. मी तोंड उघडणार इतक्यात पुढच्या रांगेतल्या एक जुन्या मेट्रन बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "राग मानू नका. पण तिच्या तब्येतीचं काय ते आम्हाला कळायला नको का? तुम्ही तिला जवळून ओळखता."

ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी बघितला नाही. धीर झाला नाही.

"तिच्या तब्येतीचं मी बोलणार नाही," मी म्हटलं. "तुमच्या कुणाच्या तब्येतीचंही नाही. विचारायचं तर माझं विचारा."

आणि सांगून टाकलं. की त्या दिवशी ती चिडली होती आणि चिडायला कारण होतं. मागच्या समितीने नवीन नाव शोधलंच नाही, ज्यांचे फोन नंबर आमच्याकडे होते त्यांचीच नावं लिहिली. तिने ते सर्वांसमोर विचारलं, मला उत्तर देता येईना, म्हणून मी तिला पेशंट केलं. ठरवून नाही, पण न कळतही नाही. मग मला थांबता येईना. आमच्या वॉर्डात एक बाई होती, थंडीच्या दिवसांत अंघोळीला नेलं की रोज आरडाओरडा करायची, पाणी गार आहे, पाणी गार आहे. मी रोज तिच्या बाजूला उभी राहून या आवाजाने तिला शांत करायची. ती व्हायची शांत. वरिष्ठ माझं कौतुक करायचे. त्या बादलीत एकदाही मी हात घालून बघितला नाही. हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, घरी यांनासुद्धा नाही.

मेट्रन बाई चिडल्या होत्या. "म्हणजे त्या दिवशी आम्ही सगळे मूर्ख ठरलो?"

"नाही हो. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. चूक माझी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी आपली पर्स माझ्या बाजूने उचलून पलीकडे ठेवली, जागा करायला की आणखी कशाला, मला कळलं नाही.

मग ती पुढे आली. कागद नव्हताच. करंज्याच्या भाषेत, करंज्याच्या आवाजात बोलली, हात चांगले लांब लांब फेकत. तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सगळ्यांना. तीन मिनिटांची घंटा वाजली तरी ती थांबली नाही, आणि सचिवबाईंनी दुसरी घंटा वाजवली नाही. मागच्या सभेत ग्लास उचलणाऱ्या बाईंचा हात ग्लासाकडे गेला. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी ग्लास परत टेबलावर ठेवला.

चार मतांनी ती निवडून आली. मला बरं वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण घरी येईपर्यंत मला वाईटच वाटत होतं. हरलेल्या माणसाला वाटतं तसं, साधं. त्या मेट्रन बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. तिची किल्लीही काही लगेच मिळाली नाही, महिना गेला. ती कशी मिळवली ते तिने मला सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मी घालवला होता.

परवा तिचा फोन आला. कामाचा. समितीच्या वतीने सगळ्या सभासदांना विचारतेय म्हणाली, अध्यक्षपदासाठी एक नाव सुचवा. मला ताई म्हणाली, पण सगळ्या वरिष्ठांना म्हणतात तसं. मी एक नाव सांगितलं.

"यांना किती वर्षं ओळखता?"

"तीस तरी झाली असतील."

"मग ते राहू दे. जिला तुम्ही ओळखत नाही अशी सांगा. कोन गावात, तळोज्याला किती केंद्रं हायेत, जाऊन बघा कोण काय काम करतंय."

मी म्हटलं, अगं माझे गुडघे, मला आठ दिवस तरी दे.

"चार देते," ती म्हणाली.