तांबडा म्हणून सोडलेला ठिपका

माझी मुलगी नेवेना आमच्या स्मोल्यान गावावरच्या डोंगरात, वेधशाळेत, क्वेसार शोधते. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा. तिथलं कृष्णविवर भोवतालचा वायू गिळतं, तेव्हा तो उजळतो. हे गाभे बहुधा निळसर दिसतात. त्यामुळे निळे ठिपके तपासायचे आणि तांबडे साधे तारे समजून सोडून द्यायचे, अशी तिथली रीत. नेवेनानंही इतकी वर्षं तेच केलं. नोकरी मात्र दर वेळी वर्षभराचीच. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी कायमची.

परवा आम्ही हिवाळ्यासाठी अंगणात छोट्या भट्टीवर मिरच्या भाजून सोलत होतो. ती एकदम म्हणाली, "आई, मी चुकले गं. सोडून दिलेला एक तांबडा ठिपका डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात भलताच तेजस्वी आहे."

"म्हणजे काय?"

"सूर्य बघ." धुरातून तो तांबडा, मलूल दिसत होता. "तो काय विझलाय? या धुरासारखीच तिथली धूळ निळा प्रकाश अडवते, तांबडा येऊ देते. मी फसले त्या धुळीला."

"सूर्य सापडला असेल तर भट्टीकडे बघा, बाईसाहेब," शेजारची स्तानका ओरडली. "मिरच्यांचा कोळसा झाला!"

या मोसमात दुर्बिणीवर तिची एकच रात्र उरली होती. निळे ठिपके घेतले तर हाती काहीतरी नक्की लागणार, नोकरी टिकणार. तांबडा ठिपका साधा तारा निघाला, तर सगळंच संपलं.

"निळेच घे बाई," मी विनवलं. "नोकरी गेली की तूही गावातल्या इतर पोरांसारखी जर्मनी गाठशील."

"आई, तू मिरच्या सोल."

आज सकाळी ती बसमधून उतरली. चेहरा पडलेला होता.

"तारा निघाला?"

"क्वेसार आहे. वर्णपटात क्वेसारच्याच रुंद रेषा आल्या, स्वच्छ. बाकी बहुतेक प्रकाश धुळीनं खाल्लाय."

"मग हसत का नाहीस? आणि नोकरी?"

"तुझ्यासाठी वरून आणखी एक वर्ष मागतो, म्हणाले संचालक." तिनं बूट काढले. "सोडलेले सगळे तांबडे आता पुन्हा बघायचे, आई. सगळे."

चीज भरलेली बनित्सा अर्धीच खाऊन ती झोपायला गेली. उरलेल्या मिरच्यांसाठी मी भट्टी पेटवली. धूर तिच्या खिडकीकडे वळायला लागला, तशी भट्टी कड्यांना धरून मागच्या अंगणात नेली. आता मध्यरात्र होत आली, तरी ती उठलेली नाही. मी मधून मधून तिचा श्वास ऐकून येते.