जावयाचा स्कॅनर

गाडी माझ्या नावावर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट लोकांना दोनच वेळी आठवायची. एक, बँकेचा माणूस सहीला आला की. दुसरी, पोलिसानं गाडी अडवली की. एरवी ती ‘ह्यांची पिकअप’ होती आणि मी तिच्यात बसणारी बाई.

शेंद्र्याची आमची जमीन कारखान्यांना गेली, तिथं पत्र्याची शेडं उभी राहिली आणि घरातले पुरुष ओट्यावर बसून राहिले. कुठल्या कंपनीत कुणाची ओळख आहे यावर सकाळचा चहा व्हायचा, त्या ओळखीचा काही उपयोग झाला नाही यावर दुपारचा. त्यात लागोपाठचे दुष्काळ. शहर मात्र आमच्या दिशेनं सरकतच होतं. माळावर एकेक इमारत उठायची, बिल्डर तिला ‘सरोवर’ नाहीतर ‘निर्झर’ असलं नाव द्यायचा आणि आत राहायला आलेले लोक बादल्या घेऊन खाली टँकरची वाट बघायचे. आमच्या घरामागच्या बोअरला तेवढं पाणी टिकून होतं. मी म्हटलं, थंड पाण्याचे जार विकू. आधी सगळे हसले. मग फिल्टर बसला, पिकअप आली, गिऱ्हाईक लागलं, आणि माझा धंदा बघता बघता ‘आपला’ झाला.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक क्रांती चौकाच्या पलीकडचं मुलींचं वसतिगृह. तिथल्या बाई फार कडक. सकाळी मुली कॉलेजला जायच्या आत जार पोचले नाहीत की फोन. “आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसऱ्याला सांगीन हं,” असं त्या अगदी शांतपणे म्हणायच्या, आणि त्या बोलल्या तसं करायच्या. ते वसतिगृह हातचं गेलं असतं तर माझा धंदा बसला असता. आमचे हे पुन्हा ओट्यावर गेले असते आणि मी चुलीपुढं. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

आता जावई. म्हणजे माझ्या नणंदेचे मालक. आमचे हे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजी म्हणते. सासूबाई जावईबापू म्हणतात आणि म्हणताना डोक्यावरचा पदर सारखा करतात. दाजी एका कारखान्यात सुपरवायझर. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. एकदा त्यांनी पाठीमागच्या उरल्यासुरल्या रानात पाय आपटून सांगितलं, इथं बोअर घ्या. घेतला. नुसता धुरळा निघाला, सगळं गाव पांढरं झालं. सासूबाई काय म्हणाल्या? म्हणाल्या, “जावईबापूंनी सांगितलं म्हणून निदान खोल तरी गेला.” मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

तर त्या उन्हाळ्यात दाजींची विहीर आटली. विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडून राहिलं आणि त्यासाठी भरून ठेवलेला डिझेलचा ड्रम अंगणात तसाच राहिला. दाजींचं मन मोठं. म्हणाले, “पडून राहण्यापेक्षा घरच्या गाडीला घाला.” ड्रम आला. सासूबाईंनी त्यांना टोपी-उपरण्याचा आहेर केला. तो ड्रम दाजींच्या अंगणात कुठं असायचा ते मी डोळ्यांनी बघितलं होतं: टँकरचा पाइप सुटायचा त्याच्या शेजारी, झाकण अर्धवट. सगळ्या आळीची भांडी त्याच्या भोवती भरायची.

ते डिझेल पोटात गेलं आणि पिकअप खोकायला लागली. सपाटीला चालायची, चढ आला की जीव सोडायची. समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला. आमच्या ह्यांनी त्यावर काय उपाय केला असेल? माझ्या पाकिटातली टिकली घेतली आणि दिव्यावर चिकटवली. म्हणे, “सारखं डोळ्यांत येतंय.” मी म्हटलं, अहो, हे दाजींच्या डिझेलपासून सुरू झालंय. झालं! इकडं तिकडं बघत मला म्हणाले, “हळू बोल की! दाजींच्या डिझेलला नाव ठेवतीस? आईनं ऐकलं म्हंजी?” जणू मी दाजींच्या कुळाचा उद्धार केला होता.

गॅरेजवाला म्हणाला, स्कॅन करावं लागंल, गाडीला वायर लावली की मशीनच दोष सांगतंय. तर ह्यांनी ठरवलं की स्कॅनर घरचाच घ्यायचा. आणि स्कॅनर निवडायचा तर तो कुणी? दाजींनी.

ती निवड मी जन्मात विसरणार नाही. रविवारी दाजी आले. ओट्यावर सतरंजी. मोठे भाऊजी, धाकटे भाऊजी, आमचे हे, सगळे मांडी घालून. दाजींनी मोबाईलवर एकेक मशीन दाखवायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या. मुलगी बघायला गेल्यावर तरी दोन प्रश्न विचारतात! इथं तेही नाही. स्क्रीन रंगीत आहे का? आहे. पेटी मिळते का? मिळते, आणि पेटीला कुलूप. “घेऊन टाका,” मोठे भाऊजी म्हणाले. त्यांना स्कॅनर कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण कुलूप आवडलं.

खोकं घरी आलं, ते उघडायला दाजीही आले, तेव्हा मी ते उलटं करून वाचलं. मी बी.कॉम. झालेय, शहरातल्या कॉलेजात, मराठवाड्यातल्या उन्हात सायकल हाणून. खोक्यावर गाड्यांच्या कंपन्यांची यादी होती. जर्मन होती, जपानी होती, कोरियाची होती. जिची पिकअप आमच्या दारात उभी होती तेवढी एकच नव्हती.

“दाजी,” मी म्हटलं, “यात आपल्या गाडीचं नाव नाय.”

दाजी हसले. “वहिनी, हे युनिव्हर्सल आहे. तुम्ही चहा टाका.”

मी चहा टाकला. साखर घालायची विसरले, मुद्दाम.

मग मशीनला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला, नारळाचं पाणी वायरीच्या पिनेवर उडालं ते सासूबाईंनी पदरानं पुसलं. दाजींनी वायर गाडीत खुपसली. मशीन बराच वेळ विचार करत बसलं. मग इंग्रजीत काहीतरी आलं. दाजींनी ते एकट्यानं वाचलं, मान डोलावली आणि जाहीर केलं, “फॉल्ट नाय. गाडी एकदम ओके. तुम्ही लोड जास्त टाकताय. जार कमी करा.”

म्हणजे बघा! गाडीला काही झालेलं नाही, दोष माझ्या जारांचा. अहो, त्या मशीनला आमच्या गाडीशी बोलताच येत नव्हतं, ते दोष कुठून काढणार? मी स्क्रीनवर डोकावले, तोवर दाजींनी वायर उपसली आणि पेटीला कुलूप लावलं. अंगाची नुसती लाही लाही झाली. आणि खरी गंमत पुढंच. आता गाडी गॅरेजातही जाईना. का? तर घरात दाजींचं मशीन असताना दुसऱ्याला दाखवलं तर दाजींना काय वाटंल! गाडी मेली तरी चालेल, दाजींना वाटायला नको.

मी जार कमी केले. गाडी तरीही खोकत राहिली. वसतिगृहाच्या बाईंचा एकदा फोन आला, मग परत आला.

आणि एका सकाळी क्रांती चौकातल्या पुलाच्या चढावर पिकअप बंद पडली. मागं जार खणखणतायत, त्याच्या मागं सगळं शहर हॉर्न वाजवतंय. एक रिक्षावाला जाता जाता ओरडला, “धक्का मारो, भाभी को उतारो!” भाभी उतरली. लोकांनी मिळून गाडी ढकलत मागं घेतली, पुलाखाली लावली. आमचे हे बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले. आत काय बघत होते देव जाणे. मला म्हणाले, “दाजींना फोन लावू का?”

त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “लावा. आणि ते येईस्तोवर इथंच सावलीत बसा.” रिक्षा केली आणि थेट शहागंज गाठलं.

तिथं स्पेअर पार्टच्या एका दुकानात शिरले. दुकानदार पिकलेल्या दाढीचे, चष्मा कपाळावर. म्हणाले, “क्या होना, आपा? मियाँ को भेजो ना, आप कायकू धूप में आए?”

“मियाँ पुल के नीचे बैठे है,” मी म्हटलं. “मेरेकू स्कॅनर होना.”

त्यांनी काउंटरवर मशीनं मांडली. हे सब गाडियों को चलता, ते सब गाडियों को चलता. सब गाड्यांचा माझा अनुभव ताजा होता. मी म्हटलं, चाचा, सब गाड्या मला नकोत. माझी एक गाडी आहे, ती इथून जवळच मेलीय. ही सगळी पिशवीत घाला, चला माझ्यासोबत, लावून दाखवा. माझ्या गाडीशी जे बोलंल ते घेते. चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट बघितलं. मग नोकराला गल्ल्यावर बसवून स्कूटर काढली.

पुलाखाली आल्यावर पहिलं मशीन दाजींच्या मशीनसारखंच मुकं. दुसरं बोललं, इंग्रजीत, भरपूर. तिसरं इथलंच बनवलेलं, साधं, रंगबिंग काही नाही, मोबाईलला जोडायचं आणि मोबाईलवर हिंदीतून सांगायचं. दोन्ही एकच सांगत होती: इंधन में पानी.

आमचे हे खाली बसले. म्हणजे खरंच, फुटपाथच्या कडेला बसले. सगळ्या जिल्ह्यात घोटभर पाणी नाही, विहिरी कोरड्या, माणसं भांडी घेऊन फिरतायत, आणि आमच्या डिझेलात पाणी! मला हसूच आवरेना.

चाचांनी डिझेलच्या फिल्टरखालचा बोल्ट सैल केला, बाटलीभर पाणी निघालं. म्हणाले, टाकी पण धुवावी लागेल, तोवर हळू चालवा. आणि माझ्या मोबाईलवरची ती ओळ पुसायला बोट पुढं केलं.

“नक्को!” मी त्यांचा हातच धरला. “वो रहने दो.”

मी हिंदीवालं मशीन घेतलं. चाचा मायेनं म्हणाले, “हौ, आपकू हिंदी वालाच सही.” त्यांना वाटलं मला इंग्रजी येत नाही. येत नव्हतं म्हणून नाही घेतलं, चाचा. आमच्या घरात इंग्रजी फक्त दाजी वाचतात, आणि ते काय वाचतात ते आम्हाला त्यांच्या तोंडून कळतं, म्हणून घेतलं.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “दाजींना यातलं काही सांगू नको.”

“मी कशाला सांगू?” मी म्हटलं.

वसतिगृहात पोचलो तेव्हा मुली निघून गेल्या होत्या. बाई फाटकात उभ्या. मी खरं ते सांगितलं, बाटलीतलं पाणी दाखवलं. म्हणाल्या, “सोमवारपर्यंत बघते.”

रविवारी मी दाजींना आणि नणंदेला जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं रीतसर. जेवणं निम्म्यावर आली तेव्हा मोबाईल त्यांच्या पानाशेजारी ठेवला. “दाजी, नवीन मशीन आणलंय. आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच वाचा. आणि जरा मोठ्यानं वाचा, सासूबाईंनाबी ऐकू जाऊ द्या.”

दाजींनी खुशीत मोबाईल उचलला. “इंधन में...” इतकं म्हणून थांबले.

“पुढं?” सासूबाई म्हणाल्या.

“पानी.”

सासूबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी भाऊजींकडं. मग दाजींनाच सुचलं. “हल्ली पंपवाले लई भेसळ करतात.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. व्हय व्हय, पंपवालेच! मोठे भाऊजी तर पंपवाल्यांच्या सात पिढ्यांवर घसरले. आमचे हे आमटीत बघत होते. एवढं सरळ, हिंदीत, मोठ्यानं वाचून झालं होतं, आणि तरी घरातली सगळी माणसं मिळून त्याला पाठीमागच्या दारानं बाहेर काढत होती. मला वाटलं होतं मशीन बोललं की पुरे. पुरे नव्हतं.

“त्या ड्रमनंतर आपण पंपावर गेलोच नाय, दाजी,” मी म्हटलं. “ते तुमचंच डिझेल आहे. अंगणात टँकरचं पाणी पडायचं त्याच्यात. सोमवारी वसतिगृहात माझे जार वेळेवर गेले नाहीत तर माझा धंदा बसतोय. टाकी आजच धुवायची, आणि तो ड्रम तुम्ही परत न्यायचा.”

नणंदेच्या हातातली वाटी लवंडली. दाजी उठले, हात धुतले आणि चप्पल घालून निघाले. ते दिवाळीपर्यंत आले नाहीत. सासूबाईंनी मला फैलावर घेतलं: मशीन घरात आणलं आणि घर फोडलं, जावयाला भरल्या पानावरून उठवलं, माझ्या माहेरची रीतच तशी. आमचे हे उठून ओट्यावर जाऊन बसले. मी रडले. मागच्या अंगणात जाऊन चांगली हुंदके देऊन रडले, खोटं कशाला बोलू? मग तोंड धुतलं आणि गॅरेजवाल्याला फोन केला.

टाकी धुतली. सोमवारी जार वेळेत पोचले. बाईंनी घड्याळ बघितलं आणि सही केली.

पुढं बऱ्याच दिवसांनी पुन्हा तो पिवळा दिवा लागला. मी भाकरी थापत होते. आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सासूबाई ओसरीवर डाळ निवडत होत्या. ह्यांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग आत वाकून अगदी घशातल्या घशात म्हणाले, “तुझ्या गाडीचा दिवा लागलाय. जरा बघतीस का, काय म्हणतीय?”

मी भाकरी उलटली. “काय म्हणालात?”

“गाडी... जरा बघतीस का?”

“ऐकू नाय आलं. मोठ्यानं बोला.”

त्यांनी घसा खाकरला. ओसरीकडं एकदा बघितलं आणि मोठ्यानं विचारलं. बाहेर सुपाचा आवाज थांबला. मी तवा खाली उतरवला आणि हात धुवून मशीन घेतलं.