पहिली फेरी आणि न फुटणारं लिंबू

स्वातंत्र्य मागून मिळत नाही, ते मिळवावं लागतं. माझं मात्र कुरिअरवाल्याने फाटकापाशी आणून टेकवलं आणि ओटीपी मागितला.

कॉलेजात इतिहास शिकवून मी निवृत्त झाले, त्याच हिवाळ्यात ही जाड टायरची सायकल मागवली. लातूरला आमच्या कॉलनीचा रस्ता गटाराच्या कामासाठी खोदलेला आहे. केव्हापासून, ते इतिहासाच्या प्राध्यापिकेलाही सांगता येणार नाही. रस्ता संपतो तिथून काळी वावरं सुरू होतात. अशा जमिनीवर चालणारी सायकल असते आणि तिचे टायर दुधी भोपळ्याएवढे असतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. पाहिलं आणि माझं कामातून लक्ष उडालं. काम नव्हतंच म्हणा.

एक गोष्ट मनाशी पक्की होती. पहिली फेरी माझी. नांदेडला माहेरी एकच सायकल होती. तिच्यावर आधी थोरला भाऊ, मग धाकटा, मग थोरल्याचा मित्र. माझी पाळी यायची तेव्हा आई दिवाबत्तीला हाक मारायची. मी बरंच काही विसरले, ही रांग विसरले नाही.

सायकल जोडायची होती. पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडलं सुटी आली होती. आमच्या ह्यांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे पाना ह्यांच्या हातात आणि माहितीचा कागद माझ्या.

"अहो, डावं पायडल उलटं फिरवायचंय. लिहिलंय इथं."

"हार्डवेअरचं दुकान कुणाचं?"

"तुमचं."

"मग."

मग पायडल अर्ध्यात अडकलं. ह्यांनी ते काढलं, आट्यांवर फुंकर मारली, कंपनीला दोन शब्द ऐकवले आणि उलटं फिरवून बसवलं. "सुलटं बसतं का ते बघत होतो," म्हणाले.

टायरमध्ये हवा कमी ठेवायची, असंही कागदावर होतं. मऊ टायर मातीत रुतत नाही, पसरतो. हे मला कळलं, पण गल्लीला कोण सांगणार? आमच्याकडे उभी सायकल दिसली की टायर अंगठ्याने दाबून बघणं हा पुरुषांचा वंशपरंपरागत हक्क आहे. दूधवाल्याने दाबला, पेपरवाल्याने दाबला, समोरच्या निवृत्त तहसीलदारांनी मफलर सावरून दाबला. सगळ्यांचा निकाल एकच: "हवा न्हाई."

संध्याकाळी हे म्हणाले, "उद्या सकाळी छोटंसं उद्घाटन करू. पहिली फेरी अण्णा मारतील."

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. मार्केट यार्डात त्यांची अडत आहे आणि कॉलनीतलं काहीही त्यांच्या हाताशिवाय सुरू होत नाही. पाणपोई झाली, बोअर झाली. शेजाऱ्यांच्या कूलरचंही उद्घाटन त्यांनी केलं होतं. कूलर आधीच चालू होता, त्यामुळे फीत उडत राहिली आणि कात्रीला बराच वेळ सापडली नाही.

"सायकल माझी आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच तर. आपल्या वस्तूला वडीलधाऱ्यांचा हात लागावा."

मी धाकटी सून, केस पांढरे झाले तरी धाकटीच. झोपताना डोळ्यांपुढे नांदेडचं अंगण आलं. रांग तशीच होती. पुढे अण्णा उभे होते.

सकाळी थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून आधी वाफ यायची आणि मग मुद्दा. सगळे स्वेटर-कानटोपीत. अण्णाभाऊजी फेट्यात. फेटा बांधायला खास माणूस आणला होता. ह्यांनी हँडलवर भस्माचे तीन पट्टे ओढले, हार घातला. नारळ तयार होता. मग भाऊजी बोलले. सायकल ही काळाची गरज आहे, असं म्हणाले. प्रदूषणावर बोलले, गुडघ्यांवर बोलले, आपल्या पूर्वजांच्या आणि सायकलीच्या अतूट नात्यावर बोलले. हा शेवटचा भाग मी वर्गात कधी शिकवला नव्हता.

मग पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नवं वाहन लिंबू चिरडून निघालं की दृष्ट लागत नाही, हे आमच्याकडे बुलडोझरपासून बाबागाडीपर्यंत सगळ्यांना लागू आहे. भाऊजी धोतर सावरत सीटवर बसले. दोघांनी धरलं, ह्यांनी मागून ढकललं. चाक लिंबावर चढलं आणि उतरलं.

लिंबू होतं तसंच होतं. मऊ टायरने त्याला पोटाशी धरलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"परत घ्या," भाऊजी म्हणाले.

परत घेतलं. या वेळी लिंबू चाकाखालून घरंगळत तहसीलदारांच्या चपलेपाशी गेलं. तहसीलदार दोन पावलं मागे सरकले. तिसऱ्यांदा वीट लावून लिंबू अडवलं. टायर त्याच्यावरून इतक्या मायेने गेला की लिंबाचा देठसुद्धा हलला नाही.

भाऊजी सायकलीवरून उतरले. चार जणांसमोर हा माणूस कधी खाली उतरलेला मी पाहिला नव्हता.

"हे बरं न्हाई," ते हळूच म्हणाले.

"अण्णा, हवा न्हाई त्याच्यात," दूधवाला म्हणाला. "म्या कालच सांगितलो."

ताबडतोब सगळ्यांचे अंगठे टायरवर आले. "हवाच न्हाई की!" "टम्म भरा, कसं फुटत न्हाई ते बघतो." मी म्हणाले, या टायरला हवा कमीच लागते. कुणीतरी समजुतीने म्हणालं, "मॅडम, इतिहास येगळा आन् हवा येगळी." हे पंप आणायला दुकानाकडे पळाले. भाऊजी अशुभ जागी नको म्हणून ओट्यावर चहाला बसले. बाकीचे शेकोटीकडे वळले.

सायकलीपाशी उरलो मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का. लग्न झाल्यापासून त्यांनी भाऊजींची सगळी भाषणं पहिल्या रांगेत बसून ऐकली आहेत. अक्कांनी लिंबाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि टाच मारली.

फच्च.

"फुटलं का?"

"फुटलं," मी म्हणाले.

"मंग बस की."

"अहो अक्का, भाऊजींचा मान..."

"त्यांना लई मान हाय. एक कमी झाला तर काय गळून पडत न्हाईत. बस, पंप आला की मग बसतीस तू संध्याकाळपर्यंत भाषण ऐकत."

मी हँडलवरचा हार काढून अक्कांच्या हातात दिला, पदर खोचला, कानटोपी ओढली आणि पाय मारला.

पहिल्या वळणापर्यंत मी श्वासच घेतला नाही. मग घेतला, आणि तो हसण्याच्या रूपात बाहेर आला. डांबरावर ते टायर भुंग्यासारखे घुमत होते. गटाराचा खड्डा आला. खड्डा गेला. खडीचा ढीग आला, त्याच्यावरूनही गेले, उगाच, बाजूला जागा असताना. कॉलनी संपली आणि मी सरळ तुरीच्या कापलेल्या वावरात शिरले. ढेकळांवरून सायकल हत्तीसारखी डुलत चालली होती. डोळ्यांतून थंडीचं पाणी, नाक लाल, पदर सुटलेला, आणि मी मोठ्याने काहीतरी ओरडत होते. बहुतेक पाढे म्हणत होते. दुसरं काही सुचलं नाही.

बांधावर एक शेतकरी ज्वारीची कणसं भाजत बसला होता. त्याने मान वर केली.

"मॅडम, टॅक्टरचं चाक लावलंय का सायकलीला?"

"हाव!"

"जमीन नांगरून राहिलात का मंग?"

"नाही हो, फिरून राहिले!"

"बरं," तो म्हणाला. "हुरडा खाऊन जा."

मी उतरले नाही. सायकलीवरच बसून, एक पाय ढेकळावर टेकून, हात भाजत हुरडा खाल्ला. मग वावराला आणखी एक चक्कर मारली. मग आणखी एक. आई हाक मारणार नव्हती.

परत आले तेव्हा माणसं पांगायला लागली होती. ओट्यापाशी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. भाऊजींच्या खांद्यावर शाल होती, चेहऱ्यावर कार्य पार पडल्याचं समाधान होतं.

"बाई, कुठवर वाट बघायची तुमची?" ते म्हणाले. "राहुकाळ लागायला आलता. उरकून घेतलं आम्ही."

अक्का चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण खांदे हलत होते.

उद्घाटनाचा फोटो ह्यांनी मोठा करून दुकानात गल्ल्याच्या वर लावला आहे. त्यात फेट्यातले भाऊजी आहेत, तहसीलदार आहेत, नारळ आहे, आणि मधोमध हार घातलेला हवा भरायचा पंप आहे. सायकल नाही.