शेरडीची पिशवी माझ्या कमरेला

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला तपासलं, हात धुतले आणि म्हणाले, “बाई, ही मूळव्याध नाही. शेवटच्या आतड्यात गाठ आहे. याला कॅन्सर म्हणतात.” मी आपली पावसाळ्यापासून रगत पडतंय म्हणून सुरण खात बसलेली. घ्या आता!

मग त्यांनी ‘कोलोस्टॉमी’ सांगितली. म्हंजी गाठ काढायची, खालची वाट बंद करायची आणि आतड्याचं तोंड पोटावर आणायचं. पुढं सगळं तितनंच पडणार. आमचे कारभारी, कुणापुढं डोळं वलं न करणारा धनगर गडी, भिताडाकडं तोंड करून रडले. मी म्हणलं, लेकीचं, सगुणाचं लगीन ठरलंय, मला मराया सवड न्हाई. कापा.

कापलं, आणि जगले. टाकं निघाल्यावर बैलगाडीतनं पौडावरनं आमच्या वस्तीवर आले. निघताना डॉक्टर म्हणाले, “फडकं बांधा, स्वच्छ ठेवा.” बास. काय खायचं, वासाचं काय करायचं, चारचौघांत बसायचं का न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. मलाबी इचारायची लाज वाटली. बाबांनो, तुमच्यावर ही येळ आली तर लाज सोडा आणि तितंच इचारून घ्या.

त्या तोंडाला ना येळ ना काळ. फडकी भिजायची, कातडी सोलपटायची. मी शेरडांच्या गोठ्यात हातरूण घातलं. तितं माझा वास कुणाला कळणार? लग्नात दोघी विहिणींनी शेजारी बसून जेवायचं असतं. मी सांगून टाकलं, माझ्या जागी जाऊबाई बसंल. सगुणा त्या दिवशी जेवली न्हाई. मलाबी लई रडू आलं.

पिल्लांनी दूध पिऊ नये म्हणून शेरडीच्या कासंला आमी कापडाची पिशवी बांधतो. कारभारी तसली एक घिऊन आले. आत घासून गुळगुळीत केलेली करवंटी, तिच्यात जुन्या लुगड्याची घडी. करवंटी तोंडावर बसवायची, नाड्या पाठीवर बांधायच्या.

“मला शेरडी केलीत व्हय?” मी खेकसले.

“शेरडी गुमान बांधून घेती,” ते म्हणले. “तू घेशील तर नशीब.”

दवाखान्यातनं आल्यापासून मी पयल्यांदा हसले. पयली पिशवी गळली, दुसरी काचली, तिसरी बसली. कातडीला तूप लावायचं, वाल खायचं न्हाईत, हे आमचं आमीच शोधलं.

लग्नात हिरवं लुगडं नेसून मी पंगतीला बसले. पानात पुरणपोळी पडली आणि माझ्या लुगड्याखालनं असा लांबलचक आवाज आला, की वाढपी थबकला. सगळी पंगत माझ्याकडं बघाया लागली. सगुणाची सासू पिरंगुटाची, बोलाया फटकळ. तिला कुणी काय सांगितलं नव्हतं. आता लपवायचं काय, म्हणून मीच तिचा हात धरला आणि समदं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. माझ्या पोळीवर तूप वतलं आणि वाढप्याला म्हणली, “हिला आणिक वाढ. मरणाच्या दारातनं लेकीच्या लग्नाला आलीया. तिचं पोट गाईल न्हाईतर काय करंल?”

पंगत खदखदून हसली. मी तर इतकी हसले की करवंटी सरकली. जाऊबाईनं आत नेऊन नाड्या आवळल्या आणि मी परत जागेवर येऊन जेवले.

आता मुळशीत कुणी पुण्यासनं पोटाला फडकं बांधून आलं, की आमी दोघं जातो. पिशवी कारभारी बांधत्यात. मी त्या माणसाच्या शेजारी बसून जेवते.