मंजुळाबाईंचं भुसकट

मंजुळाबाईंना एका जागी बसणं जन्मात जमलं नाही. चुलीवर चहा उकळेपर्यंत बाई रानात जाऊन माती उकरून येणार. आमच्या लिंबागणेशच्या माळावरलं त्यांचं रान म्हणजे नुसता मुरूम, पण जीव सगळा त्यातच.

दरवर्षी दिवाळीनंतर त्या मुलाला, अभिमन्यूला, घेऊन ऊसतोडीला जातात. तिकडं एका बागायतदारानं उसाचा वाळला पाला, पाचट, न जाळता सरीतच कुजवलेलं त्यांनी पाहिलं. जाळलं की कर्ब धुराबरोबर उडून जातो, कुजलं की मातीत मुरतो, एवढंच तो म्हणाला आणि बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. तेव्हापासून सोयाबीनची मळणी झाली की त्या भुसकट रानभर पसरतात. गावानं नावं ठेवली. आमच्याकडं कचऱ्याचं रान म्हणजे न झाडलेलं अंगण. पण मुरूम काळसर पडू लागला, गांडुळं दिसू लागली.

यंदा त्या उसाच्या फडात असतानाच घरून नवऱ्याचा, भगवानरावांचा, फोन आला. घाटनांदूरचे पंडितराव अभिमन्यूला मुलगी द्यायचं म्हणताहेत, आधी घर आणि रान बघायला येणार. बाईंचा पहिला शब्द मुलीबद्दल नव्हता.

"रानाला काडी लावू नका."

भगवानराव बरं म्हणाले. ते 'बरं' बाईंना काही पटेना आणि मुकादम काही सोडेना. मोळ्या सैल बांधल्या जाऊ लागल्या, भाकरी करपू लागल्या. पुढं तर भगवानराव फोनच उचलेनात.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. ट्रॅक्टरमधून उतरून बाई घराऐवजी थेट रानात गेल्या. रान लख्ख साफ, वर राख. भगवानराव दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत मागं आले आणि पाहुणे रानावर खूश झाले, सोयरीक जमली, असं सांगू लागले. बाई बांधावर बसून रडल्या. भगवानरावांना मी दोष देणार नाही. पोराचं लग्न जमवायला आम्ही सगळ्यांनी तेच केलं असतं.

सुपारी फोडायच्या दिवशी पंडितरावांनी रिवाजाप्रमाणे मानपानाचं विचारलं. पुरुषांनी घसे खाकरले. तेवढ्यात बाई आतून बाहेर आल्या.

"आमाला काई नगं. तुमच्या बांधावर भुसकटाची गंज असंल, ती ट्रॉली भरून धाडा."

चुलीला पाहिजे का, असं पंडितरावांनी विचारलं.

"जाळायला न्हाई. तुमी येणार म्हणून आमी आमचं जाळलं. तेवढं भरून द्या."

भगवानरावांनी मान खाली घातली. हळदीच्या दिवशी नवरीच्या आधी ट्रॉली आली, आणि नवरदेवाची आई पिवळ्या हातांनी भुसकट पसरायला रानात गेली.